काट्यांतला अग्नी

शास्त्रपाठ : निर्गम 3:1-6, 22:5-6



रान आणि अग्नी हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला याकोबाच्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे पाचवे वचन आठवते. विस्तव एवढासा, आणि तो पेटवतो ते रान केवढे! जिभेविषयी उपदेश करताना प्रत्येक पाळकाने या वचनाचा आधार घेतला आहे. मीही अनेकदा घेतला आहे. वचन खरेच आहे. परंतु रानातल्या अग्नीविषयी आपल्याला तेवढे एकच वचन पाठ असल्यामुळे आपली अशी समजूत होऊन बसली आहे की, रानात विस्तव दिसला की तो शत्रूच समजावा आणि विझवणाऱ्याला तेवढा देवाचा सेवक म्हणावे. पवित्र शास्त्र अग्नीविषयी इतके एकांगी बोलत नाही. आणि ज्या लोकांनी हजारो वर्षे हाती विस्तव घेऊन आपली भूमी राखली, तेही तसे बोलत नाहीत. आज आधी त्या लोकांविषयी सांगतो. शास्त्राकडे मग येऊ.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. त्याच्या पश्चिम भागात वालुकाश्माचे मोठे पठार आहे. तेथील मूळ रहिवासी स्वतःला बिनिंज म्हणवतात. आपण तीन ऋतू मानतो, ते सहा मानतात. मुसळधार पावसाचा काळ सरला, उभे गवत लोळवणारी शेवटची वादळे येऊन गेली की मे-जूनच्या सुमारास त्यांचा 'येक्के' नावाचा ऋतू लागतो. गवताचे शेंडे वाळलेले असतात, बुडखा अजून ओला असतो, रात्री दव पडते. निलगिरीच्या कुळातले एक झाड नारिंगी फुलांनी बहरते. ते फुलले म्हणजे रान थोडेथोडे भाजून स्वच्छ करण्याची वेळ आली, असे तेथील वडीलधारी माणसे सांगतात.

मग ती माणसे पायी निघतात. वाटेने जाता जाता येथे थोडे गवत पेटवायचे, तेथे थोडे सोडायचे. ज्वाला गुडघ्याच्या आसपास राहते, मोठ्या झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोहोचत नाही. सरडे, उंदीर, कांगारूच्या जातीचे प्राणी यांना सरकून जायला अवसर मिळतो. पडलेला मोठा ओंडका, ज्याच्या पोकळीत कोणा जिवाचे घर असते, तो बहुधा तसाच राहतो. संध्याकाळ झाली, दव पडू लागले की विस्तव आपल्याआप निवतो. अशा रीतीने सबंध प्रदेश गोधडीसारखा होतो : एक ठिगळ जळलेले, एक हिरवे, एक गेल्या वर्षीचे. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रान कोळ झाल्यावर वीज पडून किंवा कोणाच्या निष्काळजीपणाने वणवा लागला, तरी तो जळलेल्या ठिगळापाशी येऊन अडतो. खायला काही उरलेलेच नसते. त्या पठारावर 'अनबिनिक' नावाच्या एका प्राचीन वृक्षाच्या गर्द राया आहेत. उशिराचा वणवा या रायांच्या कडा वर्षानुवर्षे खात जातो. म्हणून जाणती माणसे त्यांच्या भोवतालचे गवत लवकर, ओल असतानाच भाजून ठेवतात.

भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाचे लक्ष साहजिकच शब्दांकडे जाते. या लोकांच्या भाषेत चुलीच्या विस्तवासाठी एक शब्द आहे आणि रानात लावलेल्या अग्नीसाठी 'मानवुर्क' हा वेगळा. शिवाय तो कोणीही लावायचा नसतो. भूमी ज्या कुळाची, त्याचा तर अधिकार असतोच. परंतु ती ज्यांच्या आईच्या कुळाची भूमी असते, त्यांच्यावर तिची देखरेख सोपवलेली असते, आणि अशा व्यक्तीला 'जुंगकाय' म्हणतात. अग्नी हातात घेणाऱ्याला त्या भूमीशी आपले नाते सांगता आले पाहिजे. उपऱ्याच्या हाती विस्तव द्यायचा नाही.

आता जे सांगायचे आहे ते ख्रिस्ती मासिकात लिहिताना हात थोडा थबकतो. विसाव्या शतकात हे पठार माणसांवाचून ओस पडत गेले. रोगराईने माणसे गेली. म्हशींच्या शिकारीचे तळ, कथिलाच्या खाणी, दुसऱ्या महायुद्धातील लष्कराच्या छावण्या यांनी माणसे खाली ओढून नेली. आणि मिशन ठाण्यांनीही ती आपल्याकडे जमवली. ओएनपेल्ली येथे, ज्याला आज गुनबलान्या म्हणतात, 1925 साली चर्च मिशनरी सोसायटीने ठाणे उभारले. भाकर, औषध, शाळा आणि शुभवर्तमान तेथे होते, आणि ते देणाऱ्यांच्या प्रीतीविषयी मला शंका घ्यायची नाही. मी स्वतः मिशनने सुरू केलेल्या शाळेत शिकलो. सगळा दोष मिशनऱ्यांच्या माथी मारण्याची जी रीत अलीकडे पडली आहे, तीही मला न्याय्य वाटत नाही. परंतु एवढे खरे की, माणसांना तारणाची वार्ता सांगताना त्यांची भूमी मागे कोणाच्या हवाली राहिली, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. पठार निर्मनुष्य झाले. येक्केमध्ये विस्तव घेऊन फिरणारे पाय थांबले. गवत वर्षानुवर्षे साचत गेले, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस शेकडो मैल धावणारे वणवे लागू लागले. लहान अग्नी बंद पडला होता. मोठ्याला थांबवील असे काही उरले नव्हते.

बर्दायाल 'लॉफ्टी' नाजामेरेक नावाचे एक वृद्ध गृहस्थ, झाडाच्या सालीवर व खडकावर चित्रे काढणारे नामांकित कलावंत, त्या पठारावर जन्मले होते. भूमी अनाथ झाली आहे, ती रोडावली आहे, तिला तिची माणसे हवी आहेत, अशी त्यांची तळमळ होती. उतारवयात ते आपल्या कुळाच्या भूमीवर परतले, आणि आपल्या लोकांबरोबर शास्त्रज्ञांनाही शेजारी बसवून त्यांनी जुनी विद्या शिकवली. 2009 साली ते प्रभूच्या योजनेप्रमाणे हे जग सोडून गेले. परंतु त्याआधी, 2006 साली, एक नवल घडलेले त्यांनी पाहिले. सुमारे 28,000 चौरस किलोमीटर प्रदेशात ऋतूच्या आरंभी सौम्य अग्नी लावण्याचे काम मूळ रहिवाशांच्या रक्षकांकडे सोपवण्यात आले, आणि त्याचा खर्च डार्विन येथील एक नैसर्गिक वायूची कंपनी देऊ लागली. कारण असे की, लवकरचा थंड अग्नी थोडे जाळतो आणि उशिराच्या वणव्यापेक्षा पुष्कळ कमी धूर व हानिकारक वायू सोडतो; वर्षाला एक लाख टन कार्बन डायऑक्साइडइतकी घट करण्याचे त्यांनी ठरवले. आज रक्षक पायी फिरतात, तसेच हेलिकॉप्टरमधूनही विस्तव टाकतात. वडीलधाऱ्यांना हे यंत्र कसे वाटले असेल, याचा विचार मनात येऊन हसू येते. पण वेळ साधली जाते ती त्याच ऋतूची.

ऑस्ट्रेलिया आपल्यापासून दूर आहे. म्हणून आपल्याच देशातले एक उदाहरण देतो. कर्नाटकातील चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगन डोंगर आहेत. तेथील सोलिग आदिवासी पावसाळा व हिवाळा सरताच, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, झाडाखालचा पाला हलक्या विस्तवाने जाळीत. त्याला त्यांच्यात 'तरगु बेंकी' म्हणतात. तरगु म्हणजे वाळका पाला, बेंकी म्हणजे विस्तव. 1974 मध्ये ते डोंगर अभयारण्य झाले आणि ही रीत गुन्हा ठरली. 1927 च्या वन कायद्यात राखीव वनात अग्नी लावण्याची बंदी होतीच. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती आणखी दृढ झाली. बंदी घालणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणू नये. वनरक्षक वणव्याशी झुंजताना स्वतः होरपळलेले आहेत. परंतु पुढे काय झाले ते पाहा. आपल्याकडे जिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात, ती काटेरी झुडपे तेथे माजली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी परदेशातून बागेची शोभा म्हणून आणलेले ते झुडूप. 1997 मध्ये अभ्यासकांनी पाहून ठेवलेल्या जागा 2008 मध्ये पुन्हा पाहिल्या, तेव्हा घाणेरी जवळजवळ दुप्पट जागांवर पसरलेली आढळली. आवळ्याच्या झाडांवर बांडगुळे वाढली. सोलिग वृद्धांचे म्हणणे असे की, आमचा लहानसा विस्तव घाणेरीची कोवळी रोपे आणि बांडगुळाचा जोर दोन्ही आटोक्यात ठेवीत असे. 2011 साली त्या रानावरील त्यांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले; तरी विस्तवाची जुनी रीत परत आणणे सोपे राहिलेले नाही. माणसाहून उंच वाढलेल्या घाणेरीत आज तोच हलका विस्तव टाकला तर तो हलका राहणार नाही. त्या काटेरी जाळ्या आधी हाताने कापाव्या, उपटाव्या लागतील. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

मराठी वाचकाला हा विचार अगदीच परका वाटू नये. कोकणात भाताचे रोप टाकण्यापूर्वी राब करतात, तेव्हा शेतकरी राब 'जाळतो' असे सहसा म्हणत नाही, राब 'भाजतो' म्हणतो. त्या कामाला भाजावळ असे नाव आहे. रान राखणे आणि रोपवाटिका भाजणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक आहे. पण जाळणे आणि भाजणे यांतला भेद आपल्या आजोबांच्या जिभेवर होता, एवढेच सांगायचे आहे.

आता शास्त्रपाठाकडे वळू. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायाच्या सहाव्या वचनात एक नियम दिला आहे. अग्नी निघून काट्यांना लागला आणि त्यामुळे धान्याच्या सुड्या, उभे पीक किंवा शेत जळून गेले, तर ज्याने तो लावला त्याने भरपाई केलीच पाहिजे. पाचव्या वचनाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. 'बाअर' हा इब्री धातू जाळणे या अर्थाचा आहे. गुरे सोडून शेत चारून टाकणे असाही त्याचा अर्थ होतो. बहुतेक भाषांतरे तेथे गुरांचे चरणे घेतात. 1970 च्या न्यू इंग्लिश बायबलने मात्र शेत भाजण्यासाठी लावलेला अग्नी दुसऱ्याच्या शेतात गेला असा अर्थ घेतला. कोणता बरोबर यावर येथे निकाल देत नाही. माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. नियमशास्त्र येथे अग्नी लावूच नका असे म्हणत नाही. इस्राएलातील शेतकरी काटेकुटे जाळणार, हे ते गृहीत धरते. ते एवढेच विचारते की, अग्नी कोणी लावला? तो त्याच्याजवळ थांबला का? शेजाऱ्याच्या सुडीची त्याला पर्वा होती का? हेतू चांगला होता, ही सबब तेथे चालत नाही. भरपाई केलीच पाहिजे.

हे वचन आणि जळत्या झुडपाचे वचन शेजारी शेजारी ठेवा. निर्गम 3:2 मध्ये मोशे होरेबाजवळ कळप चारीत असता झुडूप अग्नीने जळताना पाहतो, पण ते नष्ट होत नाही. दोन्ही ठिकाणी 'एश', म्हणजे अग्नी, आहे. दोन्ही ठिकाणी 'बाअर' हा धातू आहे. दोन्ही ठिकाणी 'अखल', म्हणजे खाणे, हे क्रियापद आहे. एका ठिकाणी अग्नी सुड्या खातो, दुसऱ्या ठिकाणी झुडूप खात नाही. आणि दोन्ही ठिकाणी काटे आहेत, कारण 'सने' हे बहुधा काटेरी झुडूपच होते. शब्द तेच, अग्नी दोन. एक काट्यांतून निघून शेजाऱ्याचे वर्षभराचे अन्न खातो. दुसरा काट्यांत वस्ती करतो आणि काट्यांनाही खात नाही.

मी त्या चमत्काराचे स्पष्टीकरण देऊ इच्छीत नाही. जे देवाने केले ते देवाचे आहे. पण मोशे शहरातला नवखा माणूस नव्हता, पुष्कळ वर्षे त्या रानात कळप राखणारा होता. झुडूप जळणे ही त्याला नवलाची गोष्ट वाटली नसावी. ते खाल्ले जात नाही, हे पाहायला तो वळला. परमेश्वराने आपली ओळख देण्यासाठी हा अग्नी निवडला आणि लागलीच सांगितले की, पायांतले जोडे काढ, ही भूमी पवित्र आहे. कोणती भूमी? मंदिर नव्हे, वेदी नव्हे. मेंढरे चारण्याचे माळरान. आणि आपण कोणाचा देव हे सांगून झाल्यावरचे बोलणे आपल्या लोकांच्या दुःखाविषयीचे (3:7). मी पाहिले आहे, मी ऐकले आहे, मला ठाऊक आहे, असे तो म्हणतो. जो जवळ आहे, ज्याला ठाऊक आहे, त्याचा अग्नी खाऊन टाकीत नाही.

आपला देव भस्म करणारा अग्नी आहे, हेही इब्री लोकांस पत्रात लिहिले आहे (12:29). ते विसरून चालणार नाही. म्हणूनच तर मी आर्नहेम लँडच्या त्या वृद्धांकडे आदराने पाहतो. त्यांनी अग्नीची भीती सोडली नाही, अग्नीही सोडला नाही. वेळ ओळखली, ओल पाहिली आणि बरोबर चालत राहिले.

प्रियजनहो, आपल्या मंडळ्यांत अग्नीची भीती फार आहे. वडीलमंडळाच्या हिशोबात काही चुकलेले दिसते. कोणी बोलत नाही. एका भावाच्या वागणुकीने दुसऱ्याच्या घरातली मुलगी दुखावते. 'कशाला उगीच' म्हणून ते झाकले जाते. पाळकांच्या बदलीत अन्याय झाला असे वाटते. लोक उपासनेला येतात, हात जोडतात, परंतु पाला साचत जातो. या मौनाला आपण शांती म्हणतो. पण लेवीय 19:17 सांगते की, आपल्या भावाचा मनात द्वेष धरू नको, त्याची कानउघाडणी अवश्य कर. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा लागलीच पुढच्या वचनात येते. दोन्ही एकाच श्वासातली आहेत. आणि आपला प्रभू मत्तय 18:15 मध्ये सांगतो की, तुझ्या भावाने अपराध केला तर जा, तू आणि तो, दोघेच असताना, त्याला सांग. दोघेच. एवढा लहान अग्नी! संध्याकाळच्या दवाने निवेल इतका. त्याची वेळ आपण टाळतो, ओल आटून जाते, आणि मग एका वार्षिक सभेत एक वाक्य उच्चारले जाते, आणि पुढची वीस वर्षे मंडळीची मालमत्ता न्यायालयाच्या तारखांवर तारखा खात बसते. ठिणगी टाकणाऱ्याला आपण दोष देतो. गवत कोणी साचू दिले, हे मात्र कोणी विचारीत नाही. चांगले करणे ठाऊक असून जो करीत नाही त्याचे ते पाप आहे, असे लिहिणारा याकोब तोच, ज्याने ठिणगीचा दाखला दिला (4:17).

हे मी उंचावरून लिहीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका भाषांतराच्या समितीत मी आणि माझ्याहून वडील असलेले एक बंधू शेजारी बसत असू. एका शब्दावरून आमचे पटले नाही. तो शब्द येथे लिहिला तर तुम्ही हसाल, इतका तो लहान होता. त्यांनी माझा मसुदा मला न विचारता बदलला, असे मला वाटले. त्याच दिवशी चहाच्या वेळी मी त्यांना एवढेच विचारायला हवे होते की, भाऊ, हे का? मी विचारले नाही. नम्रतेच्या नावाखाली सहा वर्षे गप्प राहिलो, आणि प्रत्येक महिन्याला त्यांची आणखी एक चूक मनात नोंदवत गेलो. मग एका बैठकीत त्यांनी सहज माझ्या इब्रीविषयी थट्टा केली, आणि मी जे बोललो ते सहा वर्षांच्या वाळल्या गवताने पेटलेले होते. दोन तरुण सहकारी त्यानंतर परत आले नाहीत. एका संदेष्ट्याच्या पुस्तकाचे आमचे कच्चे भाषांतर आजही कपाटात पडून आहे. ज्या वाड्यांसाठी ते केले होते, तेथे ते पोहोचले नाही. सुड्या जळाल्या, आणि त्या माझ्या नव्हत्या. शलेम येशल्लेम, भरपाई केलीच पाहिजे, असे त्या सहाव्या वचनाचे इब्री शब्द आहेत. ते मी विद्यार्थ्यांना कितीतरी वेळा शिकवले आहेत.

मध्यंतरी एकदा भेटून सगळे एकदम बोलून टाकावे, असे मनात आले होते. परंतु बिळिगिरीच्या डोंगरात जे दिसते ते माझ्याही बाबतीत खरे आहे. इतक्या वर्षांच्या काटेरी जाळीत एकदम विस्तव टाकला, तर पुन्हा वणवाच लागेल. आधी हाताने कापावे लागेल. म्हणून गेल्या उपवासकाळात मी बसलो आणि मनात नोंदवलेल्या त्यांच्या चुका कागदावर उतरवल्या. एकेकीपुढे तिचे खरे वजन लिहिले. पुष्कळशा चुका नव्हत्याच. तीन उरल्या. त्यांतल्या दोहोंत माझा वाटा अधिक होता. मग मी त्यांना एक पोस्टकार्ड टाकले. लांब पत्र मुद्दामच लिहिले नाही.

ते आता थकले आहेत, डोळ्यांनी कमी दिसते. त्यांच्या सूनबाईंनी उत्तर लिहिले आहे की, मामंजी म्हणतात, या, पण सकाळच्या वेळी या, दुपारी त्यांना बसवत नाही. कपाटातले ते कच्चे भाषांतर मी बरोबर घेऊन जाणार आहे. गुरुवारची पहाटेची गाडी आहे.